कॅज्युअल्टीतला स्टाफ आणि 'लीन': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्या सिस्टर-ब्रदर, सीएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर), मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) आणि क्वालिटी विभागातली मंडळी 'लीन'बद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न ब्रिटन आणि कॅनडात नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी नर्सेसचे आहेत. मी आधी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काम केलं आणि नंतर क्वालिटीकडे आले. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, पण माझं मन अजून ट्रायजच्या, म्हणजे आलेल्या रुग्णांत आधी कोणाला पाहायचं ते ठरवण्याच्या टेबलापाशीच आहे. उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

१. लीन म्हणजे नेमकं काय? मोटारीच्या कारखान्यातली पद्धत आमच्याकडे कशाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे पैसा, जागा आणि कच्चा माल या सगळ्याचीच टंचाई होती. तैइची ओनो या तिथल्या अभियंत्याने त्यातून मार्ग काढला: माल साठवून ठेवायचा नाही, लागेल तेवढाच आणि लागेल तेव्हाच बनवायचा, आणि चूक दिसली की काम तिथल्या तिथे थांबवून मूळ कारण शोधायचं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन क्राफसिक यांनी या पद्धतीला 'लीन', म्हणजे सडपातळ, हे नाव दिलं.

रुग्णालयात मोटारीच्या जागी रुग्णाचा प्रवास धरतात. समजा, पोटदुखीचा एक माणूस चार तास कॅज्युअल्टीत होता. त्यातला डॉक्टरांनी तपासण्याचा, सलाईन लावण्याचा, सोनोग्राफीचा वेळ जमेला धरला तर जेमतेम चाळीस मिनिटं भरतात. उरलेला वेळ तो थांबलेला असतो: केसपेपरसाठी, ट्रॉली ओढणाऱ्या मामांसाठी, रिपोर्टसाठी, सर्जनच्या फोनसाठी. हे थांबणं कमी करायचं, उपचाराच्या चाळीस मिनिटांना हात लावायचा नाही, असं लीन सांगतं.

कल्पनेचं मूळ मोटारीच्याही आधीचं आहे. टोयोटा घराण्याचे साकिची टोयोडा मागवाले. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. धागा तुटलेला असताना माग चालू राहिला तर सगळं कापड वाया जातं. काम थांबवण्याचा हा हक्क कॅज्युअल्टीत कोणाकडे आहे, हा प्रश्न पुढे बऱ्याच उत्तरांत येईल.

२. मुडा, गेम्बा, कायझेन, फाइव्ह एस... हे सगळं पाठ करायलाच हवं का?

नाही. गेम्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. कायझेन म्हणजे काम करणाऱ्यांनीच केलेली छोटी सुधारणा. फाइव्ह एस म्हणजे आवराआवर, मांडणी आणि स्वच्छता यांची शिस्त. याला मराठीत बोलण्यात काहीच अडचण नाही.

पण तीन शब्द लक्षात ठेवाच, कारण स्टाफच्या बहुतेक तक्रारींची किल्ली त्यांत आहे. 'मुडा' म्हणजे वाया जाणारं काम. 'मुरा' म्हणजे चढउतार, कधी रिकामं तर कधी तोबा गर्दी. 'मुरी' म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर पेलवणार नाही इतका भार. मूळ जपानी विचारात तिन्ही एकाच पंगतीला बसतात. आपल्याकडे येणारे सल्लागार बहुधा फक्त मुडा घेऊन येतात. एका सिस्टरकडे बारा ट्रॉल्या असतील तर ती मुरी आहे, आणि लीनच्याच व्याख्येने तो दोष आहे. हे त्यांना जरूर सांगा.

३. आमच्या स्टाफचा लीनला विरोध आहे. माणसांना बदल नकोच असतो, असंच ना?

हे उत्तर मला सर्वांत जास्त वेळा द्यावं लागतं, आणि ते ठाम 'नाही' आहे. नाइट ड्युटीतली सिस्टर एका रात्रीत दहा वेळा कामाची पद्धत बदलते. मॉनिटर एकच आणि रुग्ण तीन, ऑक्सिजनचा पॉइंट बिघडलेला, इंटर्न नवा: या सगळ्यातून ती वाट काढते. बदलाची सवय नसती तर ती कॅज्युअल्टीत टिकलीच नसती.

तिला नको असतं ते वेगळंच. एक प्रसंग सांगते. एका रुग्णालयात फाइव्ह एसच्या मोहिमेत कॅज्युअल्टीच्या एका कपाटात कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी), सक्शन कॅथेटर आणि सिरिंजचा मोठा साठा सापडला. पाहणी करणाऱ्यांनी लाल लेबल लावलं: अनावश्यक साठा. फोटो काढले, माल स्टोअरला परत गेला, आणि अहवालात 'साठ्यातली बचत' म्हणून नोंद झाली. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. स्टोअर संध्याकाळी बंद होतं आणि रात्री इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, पास करायला कोणी नसतं, हे त्यांना विचारलंच नव्हतं. अनेक रात्रींच्या अडचणींवर त्यांनी स्वतः शोधलेला तो उपाय होता. पुढच्या आठवड्यात रात्री दोन वाजता एका मुलासाठी लहान मापाचा कॅन्युला मिळेना, म्हणून बालरोग वॉर्डाकडे माणूस पळवावा लागला. तिथून पुढे त्या स्टाफच्या तोंडी लीन म्हणजे 'आमचं कपाट रिकामं करणारे' असं झालं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

लीन नीट केलं असतं तर तो साठा दिसल्यावर पहिला प्रश्न असता, 'हा इथे का ठेवावा लागला?' आणि उत्तर स्टोअरच्या वेळेत सापडलं असतं.

कामाच्या ताणावर रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. कामाचा रेटा जास्त आणि स्वतःच्या कामावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त थकवते. कॅज्युअल्टीत रेटा असतोच. लीनमुळे ताबा वाढला, म्हणजे स्टाफला पद्धत ठरवता आली, तर तीच माणसं उत्साहाने पुढे येतात. रेटा तसाच आणि ताबाही गेला, तर विरोध होणारच. बैठकीत 'विरोध कसा मोडायचा' असा विषय लागला की मी आधी तो खोडून 'विरोध कशाला आहे' असं लिहायला लावते.

४. पण गुण येतो का? आकडे सांगा.

येतो, पण सगळीकडे नाही. कॅनडातल्या विंडसर शहराचं उदाहरण घ्या. हे शहर डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे आहे आणि मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेलं आहे. तिथल्या होतेल-द्यू ग्रेस रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत लीन राबवलं, त्याचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदणीपासून डॉक्टरांनी पाहीपर्यंतचा सरासरी वेळ १११ मिनिटांवरून ७८ मिनिटांवर आला. कंटाळून न दाखवताच निघून जाणारे रुग्ण ७.१ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर आले. घरी जाणाऱ्या रुग्णांचा मुक्काम ३.६ तासांवरून २.८ तास झाला.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरने २००३ पासून हे काम हाती घेतलं. त्यांच्या लक्षात आलं की ट्रायजच्या वर्गांनुसारच क्रम लावला, तर मधल्या वर्गाचे रुग्ण सारखे मागे ढकलले जातात. मग त्यांनी रुग्णांचे दोन प्रवाह केले: बहुधा घरी जाणारे आणि बहुधा भरती होणारे. दोन्हींसाठी जागा वेगळी आणि टीमही वेगळी. गर्दी कमी झाली, मुक्काम कमी झाला. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की आधी तिथल्या स्टाफने स्वतःच रुग्णाच्या प्रवासाचा नकाशा भिंतीवर मांडला, आणि तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की पूर्ण प्रवास आजवर कोणी पाहिलाच नव्हता.

५. मग ऑन्टारिओत लीन फसलं असं का म्हणतात? विंडसर तर ऑन्टारिओतच आहे.

बारकाईने वाचणाऱ्याचा प्रश्न आहे. ऑन्टारिओ प्रांताने नंतर अनेक रुग्णालयांच्या कॅज्युअल्टींत लीनचा एक मोठा कार्यक्रम राबवला. त्यात भाग घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णालयांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. कार्यक्रमातल्या रुग्णालयांत वेळ कमी झाला होता, पण बाहेरच्या रुग्णालयांतही जवळपास तसाच झाला होता. प्रांतभर त्या काळात प्रतीक्षेच्या वेळेवर लक्ष आणि पैसा दोन्ही वाढले होते. त्यामुळे सुधारणा लीनचीच, असं म्हणता येईना.

माझं मत असं की एका रुग्णालयाने गरज वाटून स्वतः उचललेलं काम आणि वरून आलेलं वेळापत्रक यांत फार अंतर असतं. दुसरी गोष्ट पद्धतीची आहे. 'आधी' आणि 'नंतर' एवढेच आकडे पाहिले की सगळंच यशस्वी दिसतं. तुमच्या रुग्णालयाचा अहवाल वाचताना विचारा: त्याच महिन्यांत शेजारच्या रुग्णालयात काय झालं?

६. डॉक्टर, नर्सेस, मामा-मावशी: सगळ्यांचं मत सारखंच असतं का?

नसतं. प्रत्येकाचं भय वेगळं असतं. डॉक्टरांना वाटतं की आपल्या निर्णयावर कोणीतरी चौकट टाकतंय (याबद्दल प्रश्न ११ पाहा). सीनियर डॉक्टर अनेकदा बैठकीला येतच नाहीत आणि मग तिथे ठरलेलं मानत नाहीत. नर्सेसना भीती असते नोंदींच्या ओझ्याची: आधीच चार रजिस्टरं, त्यात लीनचं पाचवं. क्वालिटीवाल्यांनी नवा तक्ता आणण्याआधी एक जुना बंद करावा, हा नियम मी स्वतःवर घालून घेतला होता.

आणि मामा-मावशी? त्यांना बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत. दिवसभर ट्रॉली ओढणाऱ्या माणसाला कोणती लिफ्ट कधी अडते, एक्स-रेच्या दारात रांग कधी लागते, लॅबची खिडकी किती वाजता बंद होते, हे सगळं ठाऊक असतं. शिवाय त्यांच्यातले बरेच जण कंत्राटी. नोकरीचा भरवसा नसलेला माणूस 'इथे माझा वेळ वाया जातो' असं कशाला म्हणेल? उद्या त्याच वाक्यावर त्याची जागा जायची. म्हणून पुढचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

७. लीन म्हणजे शेवटी माणसं कमी करणंच ना?

भीती खरी आहे, कारण काही ठिकाणी तसंच झालं. पण ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांनी ही भीती पहिल्याच दिवशी दूर केली. अमेरिकेतल्या सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख गॅरी कॅप्लन स्वतः डॉक्टर. २००२ मध्ये ते आपल्या वरिष्ठांना घेऊन जपानला गेले, तिथले कारखाने पाहिले आणि ही पद्धत घरी आणली. त्यासोबत त्यांनी जाहीर केलं की या सुधारणांमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. काम वाचलं तर माणूस दुसऱ्या उपयोगी कामाला लागेल.

तुमच्याकडे लीन येत असेल तर असं आश्वासन लेखी मागा. आणि दुसरा प्रश्नही विचारा: वाचलेली मिनिटं कोणाच्या खात्यात जाणार? सिस्टरची रोजची तासभर पायपीट वाचली आणि त्या तासात तिला आणखी दोन ट्रॉल्या दिल्या, तर हिशोबात कार्यक्षमता वाढते आणि तिच्या पाठीवर मुरी वाढते. तोच तास रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायला, पुढच्या शिफ्टला ओव्हर (रुग्णांची माहिती) नीट द्यायला किंवा बसून डबा खायला मिळाला, तर पुढची सुधारणा ती स्वतः सुचवेल.

८. एक माणूस घड्याळ घेऊन आमच्या मागे फिरतो. हे चालवून घ्यावं का?

मोजणं गैर नाही, पण मोजायचं ते रुग्णाचं थांबणं. सिस्टरचा हात किती वेगाने चालतो, हे मोजायचं नसतं. कोण, कशासाठी आणि किती दिवस मोजणार, नोंद कोणाला दिसणार आणि व्यक्तीचं नाव त्यात असणार का, हे आधी सांगायला हवं. सर्वांत चांगलं म्हणजे स्टाफनेच स्टाफच्या पायपिटीचा नकाशा काढावा: कॅज्युअल्टीच्या आराखड्यावर पेन्सिलीने एका शिफ्टच्या फेऱ्यांच्या रेषा ओढत जायच्या. ड्युटी संपेपर्यंत कागदावर शेवयांचा गुंता दिसतो आणि फ्रिज चुकीच्या कोपऱ्यात आहे हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

९. आम्ही कितीही पळालो तरी वरच्या वॉर्डात खाट मिळत नाही. मग लीनचा उपयोग काय?

अर्ध्या जगातल्या कॅज्युअल्टी स्टाफचा वैताग या एका वाक्यात आहे. याला गणित आहे आणि ते तुमच्या बाजूने आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा: आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम.

समजा, तासाला ६ रुग्ण येतात. ट्रायजमध्ये झटून प्रत्येकी १० मिनिटं वाचवली, तर ६ गुणिले एक षष्ठांश तास, म्हणजे १ ट्रॉली मोकळी झाली. आता त्या ६ पैकी १ जण भरती होतो आणि वरच्या खाटेसाठी १० तास थांबतो. १ गुणिले १०, म्हणजे १० ट्रॉल्या कायमच्या अडलेल्या. साऱ्या स्टाफने जीव काढून मिळवली एक, आणि वरच्या मजल्याने खाल्ल्या दहा.

त्यामुळे फक्त कॅज्युअल्टीत लीन करणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळाची तोटी पुसत बसणं. सुरुवात वॉर्डातल्या डिस्चार्जपासून व्हायला हवी. राउंड उशिरा, समरी दुपारी, बिल त्यानंतर, कॅशलेसची मंजुरी संध्याकाळी, आणि तोवर घरी जायला तयार असलेला माणूस खाटेवर बसून. ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की सरासरी ८५ टक्क्यांच्या वर खाटा भरलेल्या असल्या की अडचणीचे दिवस सुरू होतात, आणि ९० च्या पुढे ते नेहमीचेच होतात. हे आकडे घेऊन बैठकीला जा आणि मेडिसिन, सर्जरीचे प्रमुख आणि बिलिंगचे साहेबही तिथे बसल्याशिवाय काम सुरू करू नका.

१०. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. आमचा चार तासांचा नियम म्हणजेच लीन का?

नाही. रुग्णाला चार तासांत भरती करा, घरी पाठवा किंवा दुसरीकडे हलवा, हे सरकारने दिलेलं लक्ष्य आहे. २००४ मध्ये ते ९८ टक्के रुग्णांसाठी होतं, २०१० मध्ये ९५ टक्के झालं. कुठे पोहोचायचं ते लक्ष्य सांगतं. कामाची वाट कशी सुधारायची ते लीन सांगतं. दोन्ही एकदमच अंगावर आले की स्टाफला ते एकच वाटतं. घड्याळ ३ तास ५० मिनिटांवर आलं आणि रुग्णाला घाईने दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं, तर लक्ष्य गाठलं जातं, पण रुग्णाचं थांबणं तसंच राहतं.

११. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो. ठरावीक पद्धत लावली तर डॉक्टरांच्या निर्णयाचं काय?

ठरावीक पद्धत नेहमीच्या गोष्टींसाठी असते, म्हणजे डोकं अवघड गोष्टींसाठी मोकळं राहतं. क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या गाडीच्या) कोणत्या खणात ॲड्रेनलिन आहे, याचा विचार कार्डिॲक अरेस्टच्या वेळी करावा लागू नये.

फिनलंडमधलं हेलसिंकी पाहा. तिथे पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला १९९८ मध्ये दारापासून १०५ मिनिटं लागत. २०११ मध्ये ती २० झाली. त्यांनी डॉक्टरांना जोरात पळायला सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्सने आधी कळवायचं, रुग्णाची माहिती वाटेत असतानाच काढायची, त्याच ट्रॉलीवरून थेट सीटीला न्यायचं आणि औषध सीटीच्या टेबलावरच द्यायचं, असे बारा बदल वर्षानुवर्षं केले. त्याला लीन म्हणा किंवा म्हणू नका, विचार तोच आहे. इंजेक्शन द्यायचं की नाही, हा निर्णय शेवटपर्यंत डॉक्टरांचाच राहिला. नंतर मेलबर्नच्या डॉक्टरांनी हीच पद्धत चार महिन्यांत उचलली.

अपवाद कुठे? रुग्ण चौकटीत बसत नसेल तिथे. म्हणून कोणत्याही लिखित पद्धतीच्या शेवटी 'यातून केव्हा बाहेर पडायचं आणि कोणी ठरवायचं' ही ओळ हवीच. ती नसेल तर सही करू नका.

१२. रिकामी ट्रॉली, न वापरलेला व्हेंटिलेटर, बसलेली सिस्टर: हे सगळं मुडा धरायचं का?

अजिबात नाही. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा असतो म्हणून कोणी तो विकत नाही. एक रिसस बेड (अत्यवस्थ रुग्णासाठीची खाट) मोकळा असणं ही कॅज्युअल्टीची तयारी आहे. मोटारींची मागणी आधी कळते, बसच्या अपघाताची कळत नाही. कोविडच्या पहिल्या महिन्यांत मास्क आणि पीपीई किटसाठी झालेली धावपळ आपण सर्वांनी पाहिली आहे. 'लागेल तेव्हाच मागवू' हे गणित पुरवठ्याची साखळी तुटली की कोसळतं. कोणता साठा तयारीचा आणि कोणता विस्मरणातला, हे तिथे ड्युटी करणाऱ्यांनीच ठरवावं. प्रश्न ३ मधलं कपाट आठवा.

१३. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये काय घडलं? इथल्या माझ्या सहकारी अजून रागाने बोलतात.

सस्कॅचवान प्रांताने २०१२ मध्ये संपूर्ण आरोग्यव्यवस्थेत एकदम लीन आणायचं ठरवलं आणि एका अमेरिकन सल्लागार कंपनीशी चार वर्षांचा, सुमारे ४ कोटी डॉलरचा करार केला. जपानहून तज्ज्ञ आणले गेले, हजारो कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. नर्सेसच्या संघटनेने उघडपणे आक्षेप घेतले: वॉर्डात माणसं कमी असताना एवढा खर्च सल्लागारांवर, आणि आमचं म्हणणं ऐकलं जात नाही. जपानी शब्दांच्या भडिमारावरही टीका झाली. करार मुदतीआधीच गुंडाळावा लागला.

तुमच्या सहकाऱ्यांचा राग समजून घ्या. पैसा कुठे गेला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा ठिकाणी 'लीन' हा शब्द न उच्चारता एका छोट्या अडचणीपासून सुरुवात केलेली बरी.

१४. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत नातेवाइकांची गर्दी, एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस), डिपॉझिट... हे परदेशी नमुन्यात कुठे बसतं?

बसत नाही, म्हणून नमुना आपणच बनवायचा. आपल्याकडे रुग्णाच्या प्रवासाचा निम्मा भाग नातेवाईक चालतात. केसपेपर काढणं, पैसे भरणं, मेडिकलमधून औषध आणणं, सॅम्पल लॅबला पोहोचवणं. नकाशा काढताना त्यांची पायपीट काढली नाही तर नकाशा खोटा. कुठे जायचं ते न कळलेला, तीन खिडक्या हिंडून आलेला भाऊ शेवटी सिस्टरवर ओरडतो. डॉक्टर आणि स्टाफवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तो हवाच. पण दर अर्ध्या तासाने एका माणसाने येऊन 'तुमच्या पेशंटचं आता काय चाललं आहे' हे सांगणं, हाही संरक्षणाचाच भाग आहे. मी पाहिलेल्या सुधारणांत स्टाफला सर्वांत आवडलेली हीच.

एमएलसीची नोंद मुडा नाही, ती कायद्याची गरज आहे. मात्र तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. डिपॉझिटच्या खिडकीलाही हाच क्रम लावा.

१५. स्टाफला लीनबद्दल काय वाटतं हे कसं जाणून घ्यायचं? फॉर्म वाटले तर सगळे 'छान' लिहितात.

फॉर्म इन्चार्जच्या टेबलावर जमा करायचा असेल तर 'छान'च मिळणार. नाव नको, पद मोघम ठेवा, आणि गोळा करणारा माणूस बाहेरच्या विभागाचा असू द्या. 'लीन आवडलं का?' हा प्रश्न निरुपयोगी. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात तुम्ही काही सुचवलं का? त्याचं पुढे काय झालं? चूक दिसली तर काम थांबवायला तुम्ही धजाल का? घरी जाताना पूर्वीपेक्षा जास्त थकता की कमी? नाइटच्या स्टाफला नाइटमध्ये जाऊनच विचारा.

या विषयावरचं संशोधनही इथेच तोकडं होतं. कॅज्युअल्टीतल्या लीनवरच्या १८ लेखांचा एक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या वेळेचे आकडे बहुतेक लेखांत होते; स्टाफच्या कामावर आणि मनावर काय परिणाम झाला, याची मोजणी फारच थोड्यांनी केली होती.

१६. लीन सुरू केल्यापासून चुकांच्या नोंदी वाढल्या. काम बिघडलं का?

बहुधा उलट. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात असंच कोडं पडलं होतं: चांगल्या टीमच्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. कारण तिथल्या नर्सेस चूक सांगायला घाबरत नव्हत्या. व्हर्जिनिया मेसनमध्ये तर कोणत्याही कर्मचाऱ्याला धोका दिसला की काम थांबवून वरिष्ठांना बोलावण्याची सोय केली. साकिची टोयोडांचा माग तो हाच. पण पहिली नोंद करणाऱ्याला मेमो मिळाला, तर दुसरी नोंद कधीच येणार नाही.

१७. वेळ कमी झाला, आकडे सुधारले, पण स्टाफ सोडून चालला आहे. याला यश म्हणायचं का?

मी म्हणणार नाही. अनुभवी सिस्टर गेली की तिच्याबरोबर रुग्णाचा चेहरा पाहून 'हा बिघडणार' हे ओळखणारी नजर जाते, आणि ती कोणत्याही तक्त्यात नसते. अशा वेळी प्रश्न ७ मधला हिशोब तपासा: वाचलेली मिनिटं कुठे गेली? जवळजवळ नेहमी उत्तर तिथेच सापडतं. याउलट स्टाफ खूश आणि आकडे जागच्या जागी, असंही होतं. तेव्हा दोष बहुधा प्रश्न ९ मधल्या खाटांचा असतो. घाबरून कार्यक्रम बंद करू नका, वरच्या मजल्यावर जा.

१८. पुढच्या आठवड्यात आमच्या कॅज्युअल्टीत पहिली बैठक आहे. मी ज्युनिअर सिस्टर आहे. बोलू का?

बोला. पण तत्त्व मांडू नका, एकच गोष्ट घेऊन जा, मोजलेली. उदाहरणार्थ: 'गेल्या पाच नाइट ड्युटींत इन्फ्युजन पंप शोधायला मी अमुक वेळा दुसऱ्या वॉर्डात गेले.' तारखा आणि वेळा वहीत लिहून न्या. पाच दिवसांच्या नोंदीला खोडून काढणं कोणालाही जड जातं. शक्य असेल तर ड्युटीवरच्या मावशींनाही सोबत बसवा आणि त्यांच्यासाठी खुर्ची आधीच मागून ठेवा. नाहीतर त्या दाराशी उभ्या राहतील, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.